शेवटच्या वर्षाचं गवत

गोल्फ खेळणाऱ्याकडे आयुष्यभर पुरेल असा एकच किस्सा असतो: चेंडू भोकात जाता जाता कसा राहिला. बाकीचे सगळे किस्से मैदानामागच्या शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्रांशेजारी साठत जातात. डिझेलचा वास असतो म्हणून ते ऐकायला कोणी येत नाही. मी त्या शेडमध्ये सतरा वर्षं कारकून होतो, त्यामुळे माझा नाइलाज होता.

मी तिथे कसा पोचलो हे थोडक्यात सांगतो. बायकोला सिंगापूरच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. मी पुण्यातली कारकुनी सोडून तिच्या मागोमाग आलो आणि इथे येऊन पुन्हा कारकूनच झालो. आम्ही तोआ पायोहला राहतो. गणपतीत भेटणारी टॅम्पिनीसची आयटीतली मंडळी मोठ्या आदराने विचारायची, "काका, गोल्फ क्लबात आहात म्हणजे रोज खेळत असाल." मी सांगायचो की खेळतात ते सभासद. त्यांच्या चेंडूंनी फुटलेल्या काचांची नोंद ठेवतो तो मी.

हे किस्से क्लबाच्या शेवटच्या वर्षातले आहेत. त्याआधीही पुष्कळ घडलं, पण माणसं खरी कळतात ती जागा बंद व्हायला आली की.

*

बंद व्हायची नोटीस मीच टाइप केली. जमीन सरकारची होती. भाडेपट्टा डिसेंबरात संपत होता, तो वाढणार नव्हता आणि तिथे घरं बांधली जाणार होती. आमचे जनरल मॅनेजर मिस्टर टेओ माझ्या टेबलाशी उभे राहून मजकूर सांगत होते. "जड अंतःकरणाने कळवण्यात येते की..."

मी विचारलं, कोणाच्या?

त्यांनी थोडा विचार केला. "कमिटीच्या लिही."

कमिटीच्या जड अंतःकरणाने असं ठरवलं होतं, की सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी निरोपाची स्पर्धा होईल आणि एक ऑक्टोबरपासून मैदान बंद. त्यानंतर गवत वाढलं काय आणि वाळलं काय.

नोटीस शेडच्या दारावर लावली तेव्हा सगळ्यात आधी मुरुगनने वाचली. हा पुदुकोट्टईचा. अकरा वर्षं आमच्याकडे औषधफवारणी करायचा, वर्क परमिटवर. परमिट दर दोन वर्षांनी नवं करायचं, नाही झालं तर विमान. मी त्याला काहीतरी धीराचं बोलायला गेलो, तर तोच मला म्हणाला, "सर, क्लब पहिल्यांदा बंद होतोय. मी दर दोन वर्षांनी होतो."

*

नोटिशीचा खरा फटका बसला तो सावंतला.

सावंत आमचा हेड ग्रीनकीपर. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचा तो मखमली तुकडा, ज्यावर चेंडू नुसता ढकलायचा असतो. असे अठरा तुकडे सावंतच्या जिवावर होते आणि गेली अठरा वर्षं तो त्यांच्या जिवावर होता. मूळचा कुडाळकडचा, शेतकीचा पदवीधर. तरुणपणी दोन वर्षं इंग्लंडमध्ये केंटला एका जुन्या क्लबात हे काम शिकला. तिथला म्हातारा हेड ग्रीनकीपर दोन वर्षांत त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलला. कौतुक एकदाच केलं, तेही निघायच्या दिवशी. सावंतने सांभाळलेल्या ग्रीनवर गुडघे टेकले, गाल गवताला लावून तिरक्या उन्हात बघितलं, उठला आणि म्हणाला, "अजून मेलेलं नाही."

सावंत हे वाक्य प्रमाणपत्रासारखं सांगायचा. आम्ही कोणी हसलो की म्हणायचा, "काका, तिथे गवत थंडीने मरतं. इथे ते बुरशीने मरतं, पावसाने मरतं, सभासदांनी मरतं. मेलेलं नाही म्हणजे खूप झालं."

नोटीस वाचून तो माझ्या टेबलाशी आला आणि कॅलेंडर मागितलं. त्याची मुलगी मुक्ता त्या वर्षी ओ-लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला होती. पेपर ऑक्टोबरात सुरू होऊन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपणार. सावंत इथे एम्प्लॉयमेंट पासवर, बायको-मुलगी त्याच्या पासवर. नोकरी तीस सप्टेंबरला संपली की पास रद्द. पुढे आवराआवरीला तीस दिवस मिळतात. म्हणजे ऑक्टोबरची अखेर.

त्याने बोटाने चौकोन मोजले. तिसऱ्यांदा मोजल्यावरही तेवढेच भरले.

"दोन आठवडे कमी पडतात, काका," तो म्हणाला.

*

कामात त्याने फरक पडू दिला नाही. त्याच वर्षीचा एप्रिल. सिंगापुरात एप्रिलच्या दुपारी विजा पडतात त्या ऑफिसच्या वेळेसारख्या नियमित. सायरन वाजला की सगळ्यांनी मैदान सोडायचं, हा नियम. त्या दिवशी सायरन वाजला आणि एक सभासद, वय सत्तरच्या पुढे, चौदाव्या ग्रीनवर तसाच उभा राहिला. फक्त एक पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा शेवटचा फटका, उरला होता. आयुष्यात पहिल्यांदा स्कोअर चांगला होता.

सावंत बॅटरीवरची बग्गी घेऊन गेला. सभासद म्हणाले, मी पैसे भरलेत, मी हा पट मारणार. सावंतची दोन माणसं लांब वाळूच्या खड्ड्यापाशी उभी होती. सभासद हलल्याशिवाय त्यांनाही हलता येत नव्हतं, कारण खेळ चालू असेपर्यंत पाठीमागे माणूस लागतो, हाही नियमच.

सावंतने भोकातला झेंडा उपसला. आमच्या झेंड्यांच्या काठ्या जुन्या, लोखंडी, सात फुटी. तो त्याने अदबीने सभासदांच्या हातात दिला. "सर, मग हा जरा धरा. माझ्या माणसांना बायकामुलं आहेत."

आणि दोघांना बग्गीत घालून तो निघून आला. मागोमाग सभासदही आले. सत्तरीच्या माणसाला एवढं जोरात पळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

लेखी तक्रार आली. मिस्टर टेओंनी सावंतला बोलावून विचारलं, "तू सभासदाच्या हातात मरण दिलंस?"

"नाही सर. झेंडा दिला."

*

जूनमध्ये मुरुगन एका सकाळी फावडं टाकून शेडमध्ये आला आणि म्हणाला, सातव्याच्या बंकरमधली वाळू राखाडी झाली आहे, मी तिथे दाताळं फिरवणार नाही. बंकर म्हणजे ग्रीनजवळचा वाळूचा खड्डा. रोज सकाळी तो दाताळ्याने सारखा करायचा असतो.

चौकशी केली तेव्हा कळलं. एक जुने सभासद मागच्या आठवड्यात वारले होते. त्यांच्या मुलांनी आदल्या संध्याकाळी, कोणी नाही असं बघून, वडिलांची रक्षा त्या बंकरमध्ये मिसळली होती. बरं, जागा चुकीची म्हणता येत नव्हती. म्हाताऱ्याने चाळीस वर्षांतला निम्मा वेळ त्याच खड्ड्यात घालवला होता.

सावंतने ऐकून घेतलं आणि मुरुगनला म्हणाला, नको फिरवू. किती दिवस, तर मुरुगनच्या हिशेबाने सोळा आणि सावंतच्या हिशेबाने तेरा. शेवटी सोळा ठरले. गेलेला माणूस चिनी होता, त्यांचे हिशेब वेगळे असतील, पण त्याचं मत घ्यायची सोय नव्हती.

आठव्या दिवशी मिस्टर टेओ स्वतः बघायला आले. वाळूत पावलं उमटलेली, वर वाळकी पानं पडलेली. त्यांना स्वच्छतेचं वेड. म्हणाले, सावंत, हा बंकर आठ दिवस कोणी साफ का केला नाही?

"सर, आत सभासद आहेत."

मिस्टर टेओंनी चारी बाजूंना बघितलं. मग त्यांना कोणीतरी कानात सांगितलं. त्यानंतर क्लब बंद होईपर्यंत ते सातव्याच्या बाजूला आले नाहीत.

*

मिस्टर टेओ वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. वाईट असायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांच्याकडे नव्हता.

जुलैमध्ये सावंत त्यांच्याकडे गेला. कागदपत्रांसाठी मी सोबत होतो. सावंतने सरळ सांगितलं की मुलीची परीक्षा आहे, मला नोव्हेंबरअखेर ठेवा, दोन महिने पगार नको.

मिस्टर टेओ म्हणाले, विनापगारी माणूस ठेवला तर मलाच दंड होईल. पास हा पगारावर असतो.

मग अर्धा पगार द्या.

अर्ध्या पगारावर हा पास मिळत नाही.

सावंत म्हणाला, म्हणजे पूर्ण पगार घेतला तरच मी राहू शकतो आणि तो तुम्ही देणार नाही. मिस्टर टेओंनी मान हलवली. प्रश्न नीट समजल्याबद्दल त्यांना बरं वाटलेलं दिसलं. म्हणाले, मुदतवाढीचा अर्ज करून बघ. मिळतेही कधी कधी. मिळाली की नाही ते शेवटच्या दिवशी कळतं. मुलीच्या शाळेचं पत्र जोड.

मग ते थोडे विरघळले. "हे बघ सावंत, स्पर्धा होईपर्यंत तुझ्या नोकरीला कोणी हात लावणार नाही. क्लबाच्या प्रेसिडेंटना शेवटचा पट चांगल्या ग्रीनवर मारायचाय. स्पर्धा झाली, की मग माझ्या हातात काही नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, निदान तेवढा शब्द तरी दिला. सावंत खिडकीबाहेरचं गवत बघत होता. पण ते तो नेहमीच बघायचा, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

*

ऑगस्टमध्ये एका रविवारी सावंत मंडळी आमच्याकडे जेवायला आली. माझ्या बायकोने साध्या मनाने तोडगा काढला: तुम्ही दोघं जा कुडाळला, मुक्ता आमच्या आतल्या खोलीत राहील, परीक्षा देईल आणि मग येईल.

मुक्ता सोळा वर्षांची. तिचं मराठी जेवणापुरतं, बाकी सगळं इंग्रजी. ती म्हणाली, "काकू, कॅनॉट. माझा पास पप्पांच्या पासला स्टेपल केलाय. तो काढला की माझा पण फाटतो."

सतरा वर्षं कागदांना टाचण्या मारणाऱ्या माणसालाही ही गोष्ट इतक्या स्वच्छ शब्दांत सांगता आली नसती.

तिला पुढे इथेच शिकायचं होतं. निकाल चांगला लागला तर तिला स्वतःच्या नावाचा स्टुडंट पास मिळू शकत होता. म्हणजे बाप धडपडत होता ते मुलीला इथे ठेवून आपण परत जाण्यासाठी. भात वाढला गेला.

जेवणानंतर तिने वडिलांना बायोलॉजीतला एक प्रश्न विचारला, हिरवं पान सूर्यप्रकाशाचं काय करतं. सावंतचा चेहरा उजळला. त्याने सुरुवात केली ती ढगाळ हवेपासून. मग सावलीतलं गवत, पहाटेचं दव, पातं किती उंचीवर कापलं म्हणजे त्याला दम लागतो, भुकेलं गवत रंग कसा बदलतं, सगळं सांगितलं. केंटचा म्हातारा आला, बुरशी आली. पाऊण तास झाला. माझी बायको बसल्या बसल्या पेंगायला लागली.

मुक्ताने वही मिटली. "पप्पा, ओन्ली टू मार्क्स, लाह."

निघताना सावंतची बायको माझ्या बायकोला हळूच म्हणाली की पोरगी पहाटे चारला उठते. अभ्यासाची काळजी नाही. तिला परीक्षेला बसायला मिळावं, एवढंच.

*

सप्टेंबरचा दुसरा सोमवार. सोमवारी दुपारपर्यंत मैदान बंद असतं, तेव्हा फवारणी होते. त्या दिवशी शेवटच्या तीन ग्रीन्सना बुरशीचं औषध मारायचं होतं. हे काम मुरुगनचं. त्याने ओव्हरऑल चढवला होता. सावंत म्हणाला, तू बंकर बघ, आज मी मारतो. मुरुगनने ओव्हरऑल उतरवून त्याच्या हातात दिला.

सावंत फवारणीचं यंत्र घेऊन गेला, दोन तासांनी परत आला. त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा उघडला नाही.

गुरुवारी तिन्ही ग्रीन्स पिवळी पडली. शनिवारी ती तपकिरी झाली. अठरावं ग्रीन क्लबहाउसच्या गच्चीसमोर होतं. लोक बियरचे ग्लास हातात घेऊन कठड्याशी उभे राहिले आणि कोणी प्यायला नाही. गवतावर यंत्र जिथून जिथून गेलं होतं तिथे सरळ पट्टे उमटले होते, पट्टीने आखल्यासारखे.

मिस्टर टेओ गच्चीवरून खाली धावत आले. प्रेसिडेंट त्यांच्यामागून, सावकाश. मी रजिस्टर घेऊन उभा होतो, कारण अशा वेळी रजिस्टर लागतं.

सावंत म्हणाला, "चूक झाली सर. टाकी धुवायची राहिली. आत तणनाशक उरलं होतं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्याच यंत्राने कधी कधी बाहेरच्या रानावर तणनाशक मारतात. त्यानंतर टाकी धुतली नाही तर पुढच्या वेळी ते ग्रीनवर जातं आणि ग्रीन जळतं. ह्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती ही गोष्ट. ती ज्याच्या हातून घडते त्याला पुन्हा कोणी ग्रीनवर उभं करत नाही.

"अठरा वर्षं, सावंत," मिस्टर टेओ म्हणाले.

"हो सर."

त्याला तिथल्या तिथे काढून टाकावं हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि तसंच परत गेलं. तीन महिन्यांत बंद होणाऱ्या क्लबात जळलेली ग्रीन्स सांभाळायला कोण येणार? नवीन गवत लावावं तर राखीव गवत वाढवायचा नर्सरीचा तुकडा त्यांनीच खर्च वाचवायला मोडून तिथे बग्ग्या उभ्या केल्या होत्या. आणि प्रेसिडेंट मागून म्हणाले की ह्या असल्या गालिच्यावर मी शेवटचा पट मारणार नाही, स्पर्धा पुढे ढकला.

मिस्टर टेओंनी विचारलं, परत येईल का हे?

सावंत गुडघ्यांवर बसला. खिशातल्या चाकूने बोटभर गवत उकरलं आणि उलटं करून दाखवलं. वरचं पातं करपलेलं, खाली मुळं पांढरीशुभ्र. तिन्ही ग्रीन्सवर त्याने तसंच उकरून दाखवलं. मूळ एकही मेलेलं नव्हतं.

"येईल सर. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा."

"ऑक्टोबरअखेर?"

"नाही सर."

"खत वाढव. माणसं देतो. नोव्हेंबरचा पहिला."

"गवत तेवढं ऐकत नाही."

"दुसरा."

सावंत उठला. गुडघ्यांची माती झटकली. "तिसरा, सर."

मिस्टर टेओ माझ्याकडे वळून म्हणाले, "नोटीस बदल."

सिंगापुरात ग्रीनकीपर सगळे एकमेकांना ओळखतात. बातमी पोचायला दुपार लागली नाही. पलीकडे मलेशियात, जोहोरच्या एका क्लबाने सावंतला पुढच्या वर्षासाठी भेटायला बोलावलं होतं. त्यांचा फोन संध्याकाळी आला. सावंतने ऐकून घेतलं, थँक्यू म्हटलं, फोन खिशात ठेवला.

मी नवी नोटीस टाइप केली आणि तिच्यामागोमाग घटनेचा अहवाल. कारण: टाकी धुतली नाही. जबाबदार व्यक्ती: सावंत. त्याने वाचून खाली सही केली, रोजच्यासारखी, पूर्ण नावाची.

दारात मुरुगन उभा होता. कधीपासून ते माहीत नाही. टोपी काढून हातात धरली होती.

"सर," तो म्हणाला, "टाकी मी फवारणीच्या आधीच्या शनिवारी धुतली होती. तीनदा."

सावंतने पेनाला टोपण लावलं.

"माहीत आहे मला," तो म्हणाला.